अर्ध्या नोटेची पोच

पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात मी बारनिशी कारकून आहे. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. बारनिशी म्हणजे आलेल्या कागदावर आवक क्रमांक घालायचा, जाणाऱ्या कागदावर जावक क्रमांक घालायचा आणि ज्याचे काही आले असेल त्याला पोच लिहायची. हे काम सोपे आहे असे ज्यांना वाटते ते सगळे आज माझे वरिष्ठ आहेत.

छप्पन सालच्या डिसेंबरात हेडक्लार्कची जागा रिकामी झाली आणि मोठ्या साहेबांनी मला मुलाखतीला बोलावले. जागेसाठी आम्ही दोघेच होतो, मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा दत्तोबा. नियम, उपनियम, रजेचे प्रकार, सगळे मी पाठ करून गेलो होतो. साहेबांनी त्यातले काहीच विचारले नाही. चष्मा पुसत ते म्हणाले, "अर्जुनराव, छंद काय तुम्हाला?"

छंद हा विषय आमच्या घराण्यात कधी आला नव्हता. वडिलांना दमा होता, आजोबांना कोर्टाचा नाद होता. पण छंद असा कोणालाच नव्हता. मी घाबरून खिशात हात घातला. खिशात एक रुपयाची जुनाट नोट होती. त्याच सकाळी एस.टी.च्या कंडक्टरने ती नाकारली होती आणि चारचौघांत मला खाली उतरवले होते. त्या नोटेला बोट लागले आणि माझ्या तोंडून निघून गेले, "जुन्या नोटा गोळा करतो, साहेब."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "असं? नोटा? आजवर मला तिकिटंवाले भेटले, काड्यापेटीवाले भेटले. नोटावाला पहिलाच. सव्वीस जानेवारीला आपण कॉलनीत छंदांचं प्रदर्शन भरवतोय. तुमचं टेबल मी मध्यावर ठेवतो. हेडक्लार्कचं मग त्यानंतरच बघू."

म्हणजे सहा आठवड्यांत मला जुन्या नोटांचा संग्रह उभा करायचा होता, आणि तोही असा की तो वर्षानुवर्षांचा वाटावा. हेडक्लार्कला पगारात पस्तीस रुपये जास्त आणि क्वार्टरला एक खोली जास्त मिळते. त्या खोलीत कुठे काय ठेवायचे हे आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे इंदूने, दिवाळीतच ठरवून टाकले होते.

घरी येऊन मी छंदाची बातमी दिली. इंदू पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता ती म्हणाली, "नोटा गोळा करता? मला आपलं वाटत होतं, आपल्याकडे नोटा नुसत्या जातात." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि त्या खोलीत मी पाट मांडणार आहे हं. तुमचा संग्रह नाही."

भिंतीपलीकडे नानासाहेब राहतात. मामलेदार कचेरीतून निवृत्त होऊन ते मुलाकडे राहायला आले आहेत. आमच्या दोन घरांमधली भिंत एका विटेची असल्यामुळे त्यांना काही सांगावे लागत नाही. पोळी संपायच्या आत ते दारात उभे होते.

"अर्जुनराव, नोटांचं मला विचारा," ते बसत म्हणाले. "तीस वर्षं खजिन्याशी संबंध. तुम्ही अडीच रुपयांची नोट पाहिली आहे?"

"अडीच रुपयांची?"

"होती. पहिल्या लढाईच्या वेळी निघाली होती. दोन रुपये आठ आणे. मी स्वतः हातात धरली आहे. ती मिळवा, बाकी काही नको. साहेब खुर्चीवरून उठून उभे राहतील." ती मिळेल कुठे असे विचारल्यावर नानासाहेबांनी जराही न अडखळता सांगितले, "चाकणला. कांद्याच्या बाजारात. आडत्यांच्या गल्ल्यात तळाच्या नोटा वर्षानुवर्षं हलत नाहीत." नानासाहेबांचा सल्ला चुकीचा असला तरी तो नेहमी पत्त्यासकट असतो.

शनिवारी अर्धी रजा टाकून मी चाकणला गेलो. कोट घातला, कारण छंद हा कोटाशिवाय शोभत नाही असे मला वाटले. तीच चूक झाली. एका पोट सुटलेल्या आडत्याच्या गादीपाशी जाऊन मी सभ्यपणे म्हणालो, "जरा गल्ल्यातल्या जुन्या नोटा बघायला मिळतील का?" आडत्याने आधी माझ्या कोटाकडे पाहिले, मग गल्ल्याला कुलूप लावले आणि मग चहा मागवला.

"कंच्या कचेरीतून आला म्हनायचं साहेब?"

"कचेरीतून नाही. मला आपला छंद आहे."

"व्हय व्हय," तो म्हणाला. "मागल्या साली एक आलते, त्यास्नी बी असाच होता."

विक्रीकर खात्याशी आपला काही संबंध नाही हे मी त्याला जितके पटवत गेलो तितकी त्याची खात्री पक्की होत गेली. शेवटी त्याने हमालाकरवी अर्धे पोते कांदे एस.टी.च्या टपावर चढवून दिले आणि हात जोडून म्हणाला, "पुन्हा तरास घेऊ नगा." मी पैसे देऊ केले तेव्हा तर त्याचा चेहरा पांढरा पडला. घरी नोट एकही आली नाही, पण पुढचे तीन आठवडे आम्ही कांद्याची भाजी, कांद्याची भजी आणि कांद्याचे थालीपीठ खात होतो. छंदाने घरखर्च कमी होतो असे इंदूचे मत झाले ते तेव्हापासून.

मग मी आमच्या शिपायाला, भिमाजीला, विश्वासात घेतले. भिमाजी चऱ्होलीचा. रोज सायकलवरून येतो आणि वाटेतल्या प्रत्येक पारावर थांबतो. मी त्याला एवढेच म्हणालो, "गावात कोणाकडे राजाच्या तोंडाच्या जुन्या नोटा असतील तर मला हव्यात. बोभाटा करू नकोस."

बोभाटा करू नकोस म्हटल्यावर भिमाजीने तो केला नाही. त्याने प्रत्येकाला एकट्याला गाठून सांगितले. त्या दिवसांत एप्रिलपासून नवे पैसे येणार, आणे जाणार, याची चर्चा सगळीकडे होतीच. त्यात दहा वर्षांपूर्वी हजाराच्या नोटा एका रात्रीत रद्द झाल्या होत्या हे गावाने कधी हजाराची नोट पाहिली नसली तरी नीट लक्षात ठेवले होते. आणि आता कारखान्यातला एक कारकून गुपचूप राजाच्या नोटा मागतो आहे. गावाने दोन आणि दोन मिळवले आणि उत्तर पंचवीस काढले. राजाच्या नोटा बंद होणार, आणि त्या बदलून देण्यासाठी सरकारने पिंपरीला माणूस नेमला, तो हा.

रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. दार उघडले तर अंगणात तीसेक माणसे बसली होती आणि नानासाहेब त्यांना ओळीने बसवत होते. "एकेकानं, एकेकानं. दाढीवाला राजा इकडे, बिनदाढीचा तिकडे." मी त्यांना खूप समजावले की नोटा बंद होणार नाहीत, मला काही ठाऊक नाही. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "न्हाई म्हनतोय म्हंजी नक्कीच बंद हुनार."

माझ्यात एक दुर्गुण आहे. रांगेत बसलेला माणूस पाहिला की मला त्याचे काम केल्याशिवाय राहवत नाही. शिवाय नोटा मला हव्याच होत्या. मी घरातला सगळा पगार बाहेर आणला आणि सिंहाच्या छापाच्या कोऱ्या नोटा देऊन राजाच्या मळक्या नोटा घेत गेलो. दुपारपर्यंत घरात एकही सिंह उरला नाही. चौऱ्याऐंशी रुपयांचे राजे मात्र झाले. त्यातले बहुतेक साधेच, बाजारात रोज दिसणारे, बिनदाढीचे. पण दोन नग खरोखर चांगले मिळाले. एक पाचव्या जॉर्जची दहाची आणि दुसरी एक रुपयाची, नाण्याचे चित्र असलेली. नानासाहेबांनी ती उजेडात धरली आणि "हं" एवढेच म्हणाले. हा त्यांचा सर्वोच्च शेरा आहे.

दुपारी पोलीस आला. विनापरवाना चलन बदलून देण्याचा धंदा इथे चालतो अशी वर्दी गेली होती. त्याने मला चिंचवडच्या चौकीपर्यंत चालत नेले, आणि तेही भर बाजारातून. भाजीवाली विचारी, "काय झालं वो?" पोलीस दर वेळी थांबून सांगे, "नोटांची भानगड." मी मनाला समजावत होतो की सज्जन माणसावर असे प्रसंग येतातच, पण कॉलनीतल्या तीन बायका समोरून आल्या आणि त्यांनी पदर सावरून रस्ता ओलांडला, तेव्हा मला खरोखर रडू आले. चौकीत हवालदाराने छंद म्हणजे काय हे मला दोनदा समजावून सांगायला लावले, कागदावर लिहून घेतले, सही घेतली. मग खिशातून मधोमध फाटलेली पाचाची नोट काढून म्हणाला, "एवढी बघा जमली तर." ती मी बदलून दिली. माझ्या संग्रहातली ही सर्वांत महाग नोट, कारण तिच्यासाठी मी माझी अब्रू मोजली आहे.

जाड कागदाची एक वही शिवून मी नोटा कोपऱ्यांत अडकवल्या. खाली सुवाच्य अक्षरात माहिती लिहिली. चार दिवस मी त्या वहीकडे पाहून खूश होतो. पाचव्या दिवशी संक्रांत होती.

आता यात इंदूची काही चूक होती असे मी म्हणणार नाही. निदान ती खोलीत असताना तरी म्हणणार नाही. घरातला पगार वहीत, वाण आणायचे तर पैसे वहीत. तिने वही उघडली आणि प्रत्येक शहाण्या गृहिणीने करावे तेच केले. हातातल्या नोटांपैकी सर्वांत मळकी आधी खपवली. मळकी म्हणजे अर्थातच पाचव्या जॉर्जची दहाची आणि ती नाण्याच्या चित्राची रुपयाची. त्यात अकरा करंड्या आणि तीळगूळ आला. उरलेले पैसे तिने प्रामाणिकपणे त्याच पानांवर परत ठेवले. 'पाचवा जॉर्ज, दहा रुपये, दुर्मिळ' या माझ्या अक्षरांच्या वर सिंहाची कोरी पाचाची नोट होती आणि तिच्याशेजारी आठ आण्यांची एक अधेली खळीने चिकटवलेली होती.

"अगं, ती दुर्मिळ होती."

"मळकी होती. बुरूड घ्यायला तयार नव्हता, मी गळ्यात मारली." तिचा आवाज विजयी होता. "आणि उरलेल्यातली एक पैही मी इकडेतिकडे केलेली नाही. मोजून घ्या."

त्यानंतर रोज वही थोडी थोडी हलकी होत गेली. दूधवाला, वाणी, रॉकेल. मी सांगतो, छंद तिकिटांचा करावा, काड्यापेट्यांचा करावा; जो महिनाअखेरीस बाजारात चालतो असा छंद संसारी माणसाने करू नये. चोवीस जानेवारीला वहीत हवालदाराची पाचाची नोट, पाच सहा बिनदाढीचे राजे आणि ती अधेली एवढाच संग्रह उरला. हेडक्लार्कची जागा मला तेव्हाच दिसेनाशी झाली होती. तरीही नानासाहेब भिंतीपलीकडून धीर देत होते की दोन दिवसांत अडीच रुपयांची नोट कुठेही मिळू शकते.

त्या संध्याकाळी भिमाजी आपल्या चुलतीला घेऊन आला. कौशल्याबाई. सत्तरीच्या आत असतील, पण काठी घेऊन ताठ चालत होत्या. चऱ्होलीहून बैलगाडीने आल्या होत्या. आल्या आल्या ओट्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुमीच का ते नोटावाले? मग दुसरी निम्मी तुमच्याकडंच आसंल."

त्यांनी कमरेची चंची सोडली, तिच्यातून फडक्याची पुरचुंडी काढली आणि त्यातून अर्धी नोट. दहाची. एकाच बाजूला छापलेली, मागून कोरी, जुनी. आणि मधोमध कात्रीने सरळ कापलेली. फाटलेली नव्हे, कापलेली. भिंतीपलीकडचे नानासाहेब तोवर अलीकडे आलेच होते. ते हळूच म्हणाले, "टपालाची अर्धी आहे ही. पूर्वी चोरीच्या भीतीनं नोट कापून पाठवायचे. आधी एक भाग. त्याची पोच आली की मग दुसरा."

"आता सांगताय," कौशल्याबाई म्हणाल्या. "तवा कुनी सांगितलं न्हाई."

मग त्यांनी सांगितले. पहिल्या लढाईच्या वेळी त्यांचे यजमान ठेकेदाराच्या माणसांबरोबर कराचीला रेल्वेच्या कामावर गेले. सहा महिन्यांनी पाकीट आले, त्यात ही अर्धी नोट. सोबत चिठ्ठी नव्हती. यजमानांना लिहिता येत नव्हते आणि पाकिटावरचा पत्ता तिथल्या कोणीतरी लिहिला होता. इकडे सासरे संतापले. "म्हनले, बापाला फाटकी नोट धाडतो, चेष्टा करतो. कागुद लिवायचा न्हाई म्हनले. आमी हितं दुसऱ्या निम्मीची वाट बघत बसलो. त्ये तिथं पोचंची वाट बघत बसले आसतील." "मग मानमोडीची साथ आली. त्यांच्या टोळीतला एक मानूस परत आला, त्यानं सांगितलं. मानूस गेला त्ये कळलं. नोट कुठं गेली त्ये कळलं न्हाई."

इंदू आतून चहा घेऊन आली होती, ती कपबशी हातात धरून तशीच उभी राहिली. मी बारनिशी कारकून आहे. आठ वर्षांत मी काही हजार पोचा लिहिल्या असतील. पिंपाच्या पोचा, खिळ्यांच्या पोचा, एकदा तर आलेल्या पोचेची पोच. एक पोच न लिहिल्याने काय होते हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. मी उगाच नानासाहेबांना पंखा हवा का असे विचारले. थंडीचे दिवस होते.

"माझ्याकडे दुसरी अर्धी नाही, बाई," मी म्हणालो. "पण परवा इथं खूप माणसं येणार आहेत. ही त्यांना दाखवता येईल."

"दाखवा की. मी बी बसते शेजारी." मग जरा विचार करून म्हणाल्या, "आन् खाली चार अक्षरं लिवा. निम्मी मिळाली. दुसरी धाडावी. हिकडं समदी खुशाल हायती." मी तसेच लिहिले. त्यांनी अंगठा उठवला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर प्रदर्शन उघडले. मध्यावरच्या टेबलावर माझी वही, तिच्यापुढे काचेखाली अर्धी नोट आणि अंगठ्याची ती चिठ्ठी, आणि टेबलामागच्या एकुलत्या खुर्चीवर कौशल्याबाई. मी उभा. येणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारत होत्या, "दुसरी निम्मी हाय का तुमच्याकडं?" फोरमन, डॉक्टर, शाळेच्या बाई, कोणालाही त्यांनी सोडले नाही. प्रत्येकजण खिसे चाचपून नाही म्हणत होता. माझ्या त्या वहीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, ही एक देवाची कृपाच झाली.

साहेब आले. त्यांनाही तोच प्रश्न गेला. ते हसले, वाकून काचेतून पाहू लागले आणि त्यांचे हसू थांबले. "अर्जुनराव, हा नग अप्रतिम आहे. बाई, मला द्याल? पंचवीस रुपये देतो."

"निम्मी घेऊन तुमी काय करनार?" कौशल्याबाई म्हणाल्या. "मी चाळीस वर्सं घेऊन बसलेय, मला इचारा."

मागे कोणीतरी खुदकन हसले. मोठ्या साहेबांना चारचौघांत नाही म्हणणारे माणूस कारखान्यात नव्हते, ते चऱ्होलीहून यावे लागले. साहेबांचे कान लाल झाले. त्यांना काहीतरी म्हणणे भागच होते. चिठ्ठीकडे बोट दाखवून ते मला म्हणाले, "आणि हे काय? पत्ता नाही, तारीख नाही, जावक क्रमांक नाही. असं पत्र लिहिता तुम्ही, आणि हेडक्लार्क व्हायचंय?"

बारनिशीच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते.

आठवड्याभराने हेडक्लार्कची जागा दत्तोबाला मिळाली. मुलाखतीत त्याला छंद विचारला तेव्हा तो म्हणाला होता, "ऑफिसचं काम, साहेब." जादा खोलीत आता त्याची आई पाट मांडते. इंदू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या म्हातारीला संक्रांतीचं वाण द्यायचं राहिलं," आणि एक करंडी भिमाजीच्या सायकलला बांधून दिली.

मी मात्र प्रदर्शनानंतरच्या सोमवारी कचेरीत गेलो होतो तो रागातच. साहेबांना जावक क्रमांक हवा होता ना? मी बारनिशीची वही उघडली आणि रीतसर नोंद घातली. जावक क्रमांक एकशे बारा. दिनांक अठ्ठावीस जानेवारी सत्तावन्न. प्रेषक, कौशल्याबाई, चऱ्होली. विषय, अर्धी नोट मिळाल्याची पोच. उर्वरित अर्धी पाठवण्याबाबत. पत्त्याच्या रकान्यात लिहिले, कराची, रेल्वेचे काम. चिठ्ठीवर शिक्का मारला, पाकिटात घातली आणि टपालात टाकली. ती कोठे गेली मला ठाऊक नाही. परत मात्र आली नाही.

दरवर्षी पुण्याहून एक गृहस्थ आमचे दफ्तर तपासायला येतात. अठ्ठावन्न साली त्यांनी एकशे बारावर लाल पेन्सिलीने खूण केली आणि शेरा मारला, 'सदर पत्राचे उत्तर आले काय?' मी लिहिले, 'अद्याप नाही.' त्यावर त्यांनी लिहिले, 'उत्तर येईपर्यंत प्रकरण प्रलंबित समजावे व बारनिशी जपून ठेवावी.' बाकीच्या जुन्या बारनिशा मुदत संपली की जाळतात. ही जाळता येत नाही.

यंदा तोच शेरा पुन्हा आला तेव्हा दत्तोबा वैतागला. "अर्जुनराव, 'निकाली' लिहा आणि मोकळे व्हा. कोण विचारतंय?" मी म्हणालो, पाठवणाऱ्या पक्षाला विचारल्याशिवाय असे लिहिता येत नाही, नियम आहे. तसा नियम नाही, पण दत्तोबाला नियम कधीच पाठ नव्हते.

रविवारी भिमाजीच्या सायकलवर मागे बसून चऱ्होलीला गेलो. कौशल्याबाई अंगणात डाळ पाखडत होत्या. इंदूची करंडी कोनाड्यात होती, आणि तिच्यात ती पुरचुंडी. मी सगळे प्रकरण सांगितले, शेऱ्यासकट, आणि विचारले की निकाली काढू का.

"पोच गेली न्हवं आपली?" त्या म्हणाल्या. "शिक्का मारून?"

"गेली."

"मग झालं तर. आपल्याकडचं काम झालं. आता त्यांची पाळी." आणि त्या पुन्हा डाळ पाखडू लागल्या.

सोमवारी कचेरीत जाऊन मी एकशे बारासमोर लिहिले, 'अद्याप नाही,' आणि दत्तोबापुढे सहीला ठेवले.